पारावरची शेवटची ओळ

मंडळींनो, बसून घ्या. मागची मंडळी उन्हात उभी आहेत, त्यांनी पुढे यावे. पाराच्या सावलीत जागा आहे. यमुनावहिनी इथे पायरीशी बसल्या आहेत. त्यांच्यासमोर मला बोलायचे आहे, आणि मला बोलण्याची सवय नाही. तुम्ही सगळे मला ओळखता. सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायचा, एवढेच माझे भाषण. अहवाल वाचताना माणसाचा आवाज कापत नाही. आज तो कापला, तर मला थोडा वेळ द्या.

दामूअण्णा गेले. दामोदर गणपत खेतमाळीस गेले. काल दहावा झाला. दहाव्याच्या ठिकाणी गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की आज सकाळी शोकसभा घ्यायची, ती पारावरच घ्यायची, आणि पेपर वाचायच्या वेळेलाच घ्यायची. ही वेळ का, ते तुम्हाला ठाऊक आहे. नगरहून आलेल्या पाहुण्यांना ठाऊक नसेल. त्यांच्यासाठी मी ते ओघात सांगेन.

बोलायचे कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा वहिनींनी माझे नाव घेतले. मी म्हणालो, "वहिनी, मी बोलणे शोभणार नाही. लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच बोला. बाकीचे त्यांना फार चांगलं म्हणतील. तुम्ही ते होते तेवढेच म्हणाल. मला तेवढेच ऐकायचे आहेत."

होते तेवढेच. वहिनी, मी प्रयत्न करतो.

लोक काय म्हणतील असे मी का म्हणालो, ते आधी सांगणे भाग आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. या गावात माझे नाव फार थोड्यांना माहीत आहे; सगळे मला बीकॉम म्हणतात. हे नाव अण्णांनीच ठेवले. नगरला त्यांच्या दैनिक 'सीनातीर'चा मी व्यवस्थापक होतो. पुढे अण्णांवर खटला झाला, आणि त्या खटल्यात सरकारतर्फे ज्यांच्या साक्षी झाल्या, त्यांत माझी साक्ष होती. ज्या माणसाचे मीठ खाल्ले, त्याच्याविरुद्ध मी पिंजऱ्यात उभा राहिलो. तोच मी आज त्यांच्या शोकसभेत उभा आहे. हे ज्यांना विचित्र वाटते त्यांना मी दोष देत नाही. मलाही ते अजून सवयीचे झालेले नाही.

अण्णा कोण होते? इथल्या ओढ्याकाठच्या मळ्यात झेंडू आणि वांगी पिकवणाऱ्या गणपतबाबांचा मुलगा. शाळा सुटली, नगरला एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. जुळारी झाला, मग फोरमन झाला, मग मोडकळीला आलेले एक यंत्र विकत घेऊन स्वतःचा छापखाना काढला. 'सीनातीर' आधी साप्ताहिक होते, मग दैनिक झाले. त्यामागून शेतकऱ्यांसाठी मासिक आले, दुसऱ्या दोन जिल्ह्यांत छापखाने आले, मोटार आली. निवडणुका आल्या की उमेदवार त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसत. कोणाचा फोटो पहिल्या पानावर आणि कोणाचा आतल्या, यावर जिल्ह्यात माणसे उठत आणि बसत. हे सगळे मी जवळून पाहिले. तो माणूस मोठा झाला होता, आणि आपण मोठे झालो हे त्याला आवडत होते. वहिनी, हेही होते तेवढेच सांगतो आहे.

आता गावाची रीत सांगतो. सकाळच्या एसटीने नगरहून पेपरचा गठ्ठा येतो. एकनाथ शिंपी पाराला लागून असलेल्या आपल्या दुकानातून उठतो, पारावर येऊन बसतो आणि पेपर मोठ्याने वाचतो. ज्यांना वाचता येते तेही ऐकायला बसतात. असे पुष्कळ गावांत होत असेल. पण आपल्या या मिरजगावात पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जातो. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते, हे पत्र कोणाच्या मालकीचे, कोणी छापले, कोणी प्रसिद्ध केले, कुठे छापले. कायद्याने ती छापावी लागते, आणि ती कोणी वाचत नाही. 'सीनातीर' दैनिक झाले त्या वेळी मात्र ती ओळ एकनाथने या पारावर वाचली, कारण तिच्यात आपल्या गावच्या माणसाचे नाव होते. लोकांनी अण्णांना निरोप धाडला की नावापुढे गावाचेही नाव पाहिजे. अण्णांनी छापायला सुरुवात केली : "मालक, मुद्रक, प्रकाशक दामोदर गणपत खेतमाळीस, मूळ राहणार मिरजगाव." पाहुणे मंडळी, एवढ्या तीन शब्दांसाठी रोज शेवटच्या पानाच्या तळाला जागा ठेवावी लागे. मी एकदा ते शब्द काढा म्हणून सुचवले होते. अण्णा म्हणाले, "बीकॉम, जाहिरात काढ. ते नको काढू."

ती ओळ वाचून झाली की बसलेली माणसे उठत आणि आपापल्या कामाला जात. उठा असे कोणी म्हणत नसे. ओळ झाली की उठायचे, ही रीत पडली. सभा संपली, दिवस सुरू झाला.

मग खटला झाला.

इथे मी शब्द जपून वापरतो. अण्णांवर अन्याय झाला, असे कालपासून दोन-तीन जणांनी मला सांगितले. अन्याय झाला नाही. पेपरचा कागद सरकारी परवान्यावर मिळतो. जेवढे अंक छापता तेवढा कागद. अण्णांनी अंक जास्त दाखवले, कागद जास्त उचलला आणि उरलेला बाजारात विकला. छोट्या पेपरांना त्या काळात कागद मिळत नव्हता. दोन-तीन बंद पडले. हा गुन्हा होता आणि तो अण्णांनी केला होता. कोर्टात मला विचारले गेले, रोज किती अंक छापले जात होते. मी खरा आकडा सांगितला. मी बाहेर व्हरांड्यात आलो. अण्णा बाकावर बसले होते. मला वाटले, ते तोंड फिरवतील. ते म्हणाले, "आकडा बरोबर सांगितलास. वकील म्हणत होता, गोंधळशील. मी त्याला म्हणालो, तो गोंधळणार नाही." आणि मग म्हणाले, "जेवलास का?"

शिक्षा झाली. पेपर दुसऱ्यांच्या मालकीचा झाला, आणि मी इथे गावच्या सोसायटीचे हिशोब लिहायला आलो. नगरात लोकांनी 'सीनातीर'चे गठ्ठे कचेरीसमोर आणून जाळले. दिवाणखान्यात बसणारे ती गल्लीच टाळू लागले. इथे पारावर एकनाथने शेवटची ओळ वाचणे बंद केले. त्या ओळीत आता दुसरे नाव होते. पेपर संपला की तो नुसता म्हणे, "झालं." माणसे रेंगाळत उठत. कोणी आधी, कोणी मागून. रीत मोडली, ती अशी.

शिक्षा भोगून अण्णा सुटणार, आणि नगरला न राहता गावी येणार, असा निरोप आला, तेव्हा याच पारावर गाव बसले होते. तुमच्यातले बरेच जण होते. त्या बैठकीतली बोलणी मला अजून ऐकू येतात.

कोणीतरी विचारले, "हार आनायचा का?"

"हार कशापाई? लगीन करून येतोय व्हय?"

"मंग काळी निशानं दावा. पेपरवाल्या चोराला कळू द्या की गावाला बी लाज हाय."

"आधी तुज्या बापाला इचार जा. त्याच्या शाळंची फी कुनी भरल्ती? त्याच पेपरवाल्यानं."

"फी भरली म्हनून चोरी माफ व्हय?"

"माफ कोन म्हनतंय? मी फकस्त तुज्या बापाचं इचारलं."

असे बराच वेळ चालले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच निकाल लागत नव्हता. शेवटी साळूबाई बोलल्या. साळूबाई त्या तिथे बसल्या आहेत, निंबाच्या बुंध्याला टेकून. अण्णांची आई लवकर गेली. शेजारच्या साळूबाईंनी त्यांना जेवू घातले, मारले, वाढवले. साळूबाई म्हणाल्या, "हार बी नगं आन् निशान बी नगं. समद्यांनी आपापल्या कामात ऱ्हायचं. त्यो आला तर आला. रोजच्यावानी."

गावाने ते मान्य केले. रोजच्यासारखे. आणि मंडळींनो, तुम्ही ते कसे पार पाडले, हे मी पाहुण्यांना सांगणार आहे. तुम्ही हसलात तरी चालेल. अण्णा या गोष्टीवर नेहमी हसत.

त्या दुपारी एसटी थांबली तेव्हा स्टँडवर सगळे गाव होते आणि सगळे गाव कामात होते. एकनाथने शिलाई मशीन उचलून स्टँडसमोर आणले होते आणि तो पाय मारत होता. मशीनमध्ये दोरा नव्हता. तिघे जण एका सायकलीची साखळी बसवत होते, जी उतरलेलीच नव्हती. आमचे किराणा दुकानदार पोपटशेठ, एरवी गल्ल्यावरून न उठणारे, दाराशी तराजू धरून उभे होते आणि अतिशय लक्ष देऊन तोलत होते. पारड्यात काही नव्हते. मी स्वतः एसटीचे वेळापत्रक वाचत होतो. ते मला पाठ आहे.

अण्णा उतरले. हातात पत्र्याची पेटी. खाली उभे राहून त्यांनी चौफेर पाहिले. कोणीही मान वर केली नाही आणि कोणाच्याही नजरेतून ते सुटले नाहीत. साळूबाई तेवढ्या पुढे आल्या.

"आलास? लई वाळलास."

"व्हय, मावशे."

"चल. यमुनानं पिठलं टाकलंय. गार हुतंय."

आणि ते दोघे गेले. झाले एवढेच स्वागत. दोनेक दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा अण्णांनी पहिली गोष्ट विचारली, "बीकॉम, पोपटशेठ काय तोलत होता?" मी म्हणालो, "काही नाही." अण्णा म्हणाले, "मला वाटलंच." आणि त्यांचे डोळे भरले. मी दुसरीकडे पाहिले. आम्हा दोघांनाही त्या गोष्टीचा सराव नव्हता.

गावाने त्या दिवशी काय केले ते अण्णांना कळले होते. पुढे केले ते कळले नाही. मंडळींनो, आपली चूक झाली ती इथे, आणि ती चूक आपल्यासारखी माणसेच करतील.

दुसऱ्या सकाळी अण्णा पारावर आले. एकनाथ वाचत होता. अण्णांना पाहताच त्याने पेपर मिटला, घडी केली आणि त्या घडीवर बसला. "या, अण्णा. पावसाचं काय खरं दिसत न्हाई." सगळे पावसावर बोलू लागले. तिसऱ्या दिवशी तेच. अण्णा आले की पेपर मिटायचा. तिकडे पोपटशेठने आणखी एक गोष्ट केली. गावात साखर, डाळ, हळद, सगळे रद्दी पेपरात बांधून मिळते. खेतमाळीसांच्या घरचे माणूस आले की पोपटशेठ कोरा खाकी कागद शोधत. तो नसला की पळसाची पाने. छापलेला कागद त्या घरी जाऊ द्यायचा नाही. ज्या माणसाचे कागदापायी एवढे झाले, त्याच्या हातात पेपरचा तुकडा कसा द्यायचा? त्याला लागेल. त्याला आठवेल. हे कोणी कोणाला सांगितले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या मनाने केले आणि सगळ्यांचे सारखे झाले.

घरात त्याचा अर्थ काय झाला, ते मला वहिनींनी सांगितले. म्हणाल्या, "भावजी, गावाला छापील पुडी आणि आमच्या घरी कोरी. छापलेला कागदसुद्धा आमच्या दारात यायचा नाही, असं गावानं ठरवलंय का?"

आणि अण्णा? ज्या माणसाने खिळ्याला खिळा जोडून आयुष्य काढले, ज्याने तुरुंगात एकच गोष्ट मनाशी धरली होती की गावी जायचे, पारावर बसायचे आणि पेपर वाचलेला ऐकायचा, त्याच्यासमोर रोज पेपर मिटला जात होता. अण्णांना पुन्हा मोठे व्हायचे नव्हते. मोटार नको होती, दिवाणखाना नको होता. सकाळी चार माणसांत बसून पेपर ऐकायला मिळावा, एवढेच त्यांना हवे होते, आणि नेमके तेवढेच आपण मोठ्या प्रेमाने त्यांच्यापासून लपवत होतो.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "कोर्टाने शिक्षा दिली तिला शेवटची तारीख होती. गावाच्या शिक्षेला तारीख असते का रे?"

मी म्हणालो, "ही शिक्षा नाही, अण्णा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते वाचत नाहीत."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

"अण्णा, कोणाला बरे वाटावे म्हणून मी आजवर काही सांगितले आहे का?"

त्यावर ते खळखळून हसले. पण पटले नाही. म्हणाले, "असेलही तसं. पण मी कसं म्हणू, वाचा म्हणून? ज्याने पेपरात खोटं केलं, त्याने वाचा म्हणायचं? ते त्यांनी म्हणायला पाहिजे."

मी एकनाथकडे गेलो. सगळे सांगितले. एकनाथ सुई दातात धरून ऐकत होता. म्हणाला, "बीकॉम, मला बी कळतंय. पन वाचता वाचता कुटं चोरीची बातमी आली म्हंजी? कुटं जेलची आली म्हंजी? म्या काय करायचं, गिळायची? आधी त्यांनी म्हनावं, वाच. मंग वाचतो."

त्यांनी म्हणावे. यांनी म्हणावे. दोन्हीकडचा मान इतका मोठा की मधल्या जागेत कोणी पाऊलच टाकीना. माझ्यासारख्या माणसाला हिशोबातली चूक दाखवता येते. इथे चूक दाखवून झाली, दोन्ही बाजूंनी मान्य झाली, आणि तरी ती सुटेना. असे मी पूर्वी पाहिले नव्हते.

मग दुष्काळ आला. त्याचे वर्णन तुम्हाला करण्याची गरज नाही. तुमच्या अंगावरची धूळ अजून पुरती गेलेली नाही. विहिरी तळाला गेल्या आणि सरकारने कामे काढली. कुठे तलाव, कुठे खडी, कुठे नालाबांध. कोणते काम कुठे सुरू झाले, कुठले बंद झाले, ते पेपरात येऊ लागले. पारावर गर्दी वाढली. बाया येऊ लागल्या, कडेवर पोरे आणि डोक्यावर पाट्या घेऊन, ऐकून तिथूनच कामाला निघायच्या तयारीने.

त्या सकाळी एकनाथ वाचत होता. कामांची बातमी नुकती सुरू झाली होती आणि अण्णा मारुतीच्या देवळावरून येताना दिसले. एकनाथने पेपर मिटला, घडी केली, तिच्यावर बसला. "या, अण्णा. ऊन लई हाय."

साळूबाई उठल्या. हातातले टोपले त्यांनी खाली ठेवले.

"आरं ए शिंप्या, ऊन मला बी दिसतंय. माज्या सुनंनं कामाला कुटं जायचं ते सांग."

"सांगतो की, आजी. जरा दम."

"दम कशाला? बुडाखाली घेऊन बसलाय, तितं उबवतोयस काय?"

बाया हसल्या. एकनाथ लाल झाला. साळूबाईंनी त्याला उठवले, खालचा पेपर ओढला, आणि चालत जाऊन तो अण्णांच्या छातीशी धरला.

"तू छापायचास न्हवं? मंग वाच."

अण्णा म्हणाले, "मावशे, मी नको."

"तू नगं, त्यो नगं. मंग मी वाचू? मला येत असतं तर तुमा दोघांचं तोंड बघितलं नसतं. वाच."

मी मागच्या बाजूला उभा होतो. अण्णांनी पेपर हातात घेतला ते मला दिसले. त्यांनी आधी तो वाचला नाही. अंगठ्याने कागद चोळून पाहिला, जुन्या सवयीने. मग चष्मा लावला आणि पारावर बसले.

त्यांनी कामांची बातमी वाचली. गाव, काम, तिथे जायचा रस्ता. एकेक नाव दोनदा वाचले. कोणी म्हणाले, "परत एकदा," तर परत वाचले. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथे छापताना चूक झाली आहे. छापलंय ते आधी वाचतो, मग बरोबर काय असावं ते सांगतो." छापलेले वाचले, मग दुरुस्ती सांगितली. बाया उठून निघाल्या असत्या, पण उठल्या नाहीत. कामांची बातमी संपली. अण्णा पुढे गेले. बाजारभाव वाचले. एका चोरीची बातमी होती. एकनाथने मान खाली घातली. अण्णांनी तीही वाचली, आरोपीला काय शिक्षा झाली तेही वाचले, आवाज न चोरता. जाहिराती वाचल्या. शेवटचे पान आले. पानाचा तळ आला.

तिथे ते थांबले.

मंडळींनो, तेव्हा तुम्ही तिथे होता. त्या ओळीत त्यांचे नाव नव्हते. जो पेपर त्यांनी जन्माला घातला, त्याच्या तळाला दुसऱ्याचे नाव होते. ते "झालं" म्हणू शकत होते. एकनाथ इतके दिवस तेच म्हणत होता. कोणी काही बोलले नसते.

अण्णांनी चष्मा पुसला आणि ओळ वाचली. मालक कोण, मुद्रक कोण, छापखाना कुठला. दुसऱ्या माणसाचे नाव पूर्ण, आडनावासकट, नीट, मानाने. खिळा जुळवावा तसे एकेक अक्षर.

आणि सगळे गाव उठले. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. रीत मोडली होती, ती जुळली. माझ्या शेजारी पोपटशेठ उभे होते. ते तोंडावर उपरणे धरून होते.

अण्णा तेवढे बसून राहिले. त्यांना वाटले असावे, उठण्याचा हक्क गावाचा, आपला नाही. साळूबाईंनी टोपले उचलता उचलता म्हटले, "ऊठ की. वळ वाचली. घरी जा, यमुना वाट बघत आसंल."

त्या दिवशी पोपटशेठने खेतमाळीसांच्या घरी गूळ पाठवला. पेपरात बांधून. वहिनींनी तो कागद फेकला नाही, सरळ करून ठेवला. मी पाहिला आहे. त्यात बाजारभाव आहेत, बाकी काही नाही.

त्यानंतर अण्णा आणि एकनाथ आळीपाळीने वाचत. आजारी पडेपर्यंत वाचत राहिले. दुष्काळी कामांवरून परतलेल्या बाया म्हणत, अण्णांनी सांगितलेला रस्ता चुकत नाही. त्यांच्या मोठेपणाच्या काळात त्यांच्याविषयी जिल्ह्यात पुष्कळ काही बोलले जात होते. हे वाक्य त्यांत नव्हते, आणि त्यांना ते सर्वांत आवडले. मला त्यांनी ते दोनदा सांगितले, आणि मी ऐकले नसेल असे समजून तिसऱ्यांदा सांगितले.

शेवटच्या आजारात मी पायाशी बसलो होतो. बोलणे कमी झाले होते. मी विचारले, "काही सांगायचे आहे का?" म्हणाले, "कुणी माझ्याविषयी बोललंच, तर चांगलं आधी आणि वाईट मागून असं करू नका. जसं घडलं तसं, ओळीने." वहिनी, तुम्ही माझे नाव का घेतले, ते मला दहाव्यालाच कळायला हवे होते.

अण्णा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी 'सीनातीर'मध्ये छोटी बातमी आली. माजी मालक, अमुक प्रकरणात शिक्षा भोगलेले, मूळ गावी निधन. एकनाथ त्या बातमीपाशी अडला. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाचा, एकनाथभावजी. ते असते तर त्यांनी वाचली असती." एकनाथने ती सगळी वाचली. शिक्षाही वाचली. शेवटची ओळही वाचली. पण त्या दिवशी ओळ झाली आणि पारावरचे कोणी उठले नाही. बराच वेळ सगळे बसून राहिले. मग एकेक जण, कसातरी, निघून गेला.

ते उठणे बाकी आहे. त्यासाठी आजची सभा या वेळेला ठेवली.

मी बरेच बोललो. सोसायटीच्या सभेत एवढे बोललो असतो तर तुम्ही मला खाली बसवले असते. आता एकच गोष्ट करतो. मी ओळ वाचतो. जुनी ओळ मला पाठ आहे, पण ती जशीच्या तशी मी वाचणार नाही. अण्णा आता मालक नव्हते, मुद्रक नव्हते, प्रकाशक नव्हते. ते शब्द खरे नाहीत, ते मी गाळतो. आणि तुरुंगातून आल्यावर ते इथेच राहिले, इथेच गेले. म्हणून 'मूळ' हा शब्दही मी गाळतो. राहिलेले सगळे खरे आहे, आणि त्याची साक्ष मी कुठल्याही कोर्टात देईन.

ओळ झाली की आपण उठतो. आज उठल्यावर लगेच कामाला जाऊ नका. थोडा वेळ तसेच उभे राहा, काही न बोलता. मग साळूबाईंनी पाऊल उचलले की आपणही निघू.

ऐका.

दामोदर गणपत खेतमाळीस, राहणार मिरजगाव.